फी माफ झाली, मेसचं काय?

"तुमचं बरंय, तुम्हाला सगळं फुकटच असतं." धाकट्या भावाचा इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा दुकानात पेढे ठेवले होते. नेहमीच्या एका गिऱ्हाइकाने त्यातला पेढा तोंडात टाकता टाकता हे ऐकवलं. तुम्हाला म्हणजे अनुसूचित जातीवाल्यांना. मी काउंटरच्या आतल्या बाजूला होते, पगारी होते, म्हणून हसून गोळ्यांची पुडी पुढे केली. पण त्या 'सगळं' या शब्दात काय काय येतं आणि काय येत नाही, हे पुढच्या दोन वर्षांत मी इतकं तपासलंय की आता कुणीही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात कामाला आहे. वडील गवंड्याच्या हाताखाली, आई दुसऱ्याच्या शेतात. बी.कॉम. झाल्यामुळे घरातला प्रत्येक फॉर्म माझ्याकडे येतो, मग तो गॅसचा असो की घरकुलाचा. धाकट्याने २०२३ साली बारावी आणि सीईटी दिली आणि कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात इलेक्ट्रिकलला त्याचा नंबर लागला. वार्षिक फी लाखाच्या वर. आमच्या घरात वर्षाला जेवढं येतं त्याच्या निम्म्याहून जास्त.

पण खरी सुरुवात त्याच्या दोन वर्षं आधीची. तो अकरावी सायन्सला असतानाच कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं होतं, जात वैधतेची फाइल आत्ता टाका, निकालानंतर पळापळ कराल तर सीट हातची जाईल. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला चालत नाही, जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जातीसाठी पुरावा हवा १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. म्हणजे आजोबांचा किंवा त्यांच्याही आधीचा. आमचे आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागितली तर त्या वर्षांची पानंच जागेवर नव्हती.

शेवटी सापडले ते चुलत आजोबा. ते तालुक्याच्या शाळेत दोन यत्ता शिकल्याचं घरात सगळे सांगायचे, पण कागद कुणी पाहिला नव्हता. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे शाळेचं जुनं प्रवेश रजिस्टर उर्दूत. हेडमास्तरांनी लाल बासनातून ते काढलं आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बघा तुम्हीच, मला तर एक अक्षर कळत नाही." मलाही कळत नव्हतं. मग गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना रिक्षातून घेऊन गेले. चष्मा कपाळावर चढवून, पान अगदी डोळ्यांजवळ नेऊन ते वाचायला लागले. उजवीकडून बोट सरकत होतं: नाव, मग वल्दियत म्हणजे बापाचं नाव, मग कौम. कौमच्या रकान्यावर बोट थांबलं आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, "महार." साल फसलीतलं, म्हणजे तेव्हाच्या महसुली सनातलं होतं, १३५५. त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतं, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे १९४५-४६. एवढ्या आनंदाने आमच्या जातीचं नाव कुणी वाचलेलं मी आधी ऐकलं नव्हतं आणि ऐकून मीही तितकीच खूश झाले होते, हा प्रकार आठवला की आजही गंमत वाटते. त्या नोंदीचा निर्गम उतारा, मराठी भाषांतर, वंशावळीचं शपथपत्र असं सगळं जोडून फाइल गेली. बारावीच्या निकालाआधी वैधता हातात होती. हे झालं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता फीकडे येते. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरायची. १९४४ पासूनची योजना आहे ही. तिच्यातून शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि जे सक्तीचं पण परत न मिळणारं शुल्क असतं ते भागतं. 'परत न मिळणारं' हे नीट वाचा. अनामत रक्कम परत मिळणारी असते, म्हणून ती तुमच्या खिशातून. गणवेश, ड्रॉइंगचं साहित्य, कॅल्क्युलेटर, हेही तुमच्या खिशातून.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात आधी पूर्ण फीच मागितली. "भरून टाका, स्कॉलरशिप आली की परत देतो." कॅपमधून आलेल्या पात्र विद्यार्थ्याकडून शिष्यवृत्तीत बसणारी फी आधी घ्यायची नाही असे सरकारी आदेश आहेत, हे मी वाचून गेले होते. भांडले नाही. एवढंच म्हणाले, "सर, फी आधी भरायला लागेल असं कॉलेजच्या लेटरहेडवर द्या, म्हणजे मला गावी पैसे जमवताना दाखवायला बरं पडेल." ते सर आतल्या खोलीत जाऊन आले आणि मग हमीपत्रावर भागलं. शिष्यवृत्ती नामंजूर झाली तर फी भरू, असं ते हमीपत्र. कॉलेजची मंजूर फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतं, तेही छापून नेलं होतं. त्याचा उपयोग झाला, कारण पावतीवरचे दोन-तीन किरकोळ रकाने त्या कागदाकडे बघून खोडले गेले.

पोर्टलवर अर्ज भरणं अवघड नाही, चिकाटीचं आहे. आधारला मोबाइल जोडलेला हवा, नाहीतर ओटीपीच येत नाही. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. उत्पन्नाचा दाखला एक वर्षाचा मिळतो तसा तीन वर्षांचाही मिळतो. सेतूवाला विचारत नाही, आपणच तीन वर्षांचा मागायचा. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे, मग समाजकल्याण विभागाकडे जातो. यातला क्लार्कचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. तिथे अर्ज पडून राहिला तर मुंबईत कुणाला फोन करून उपयोग नाही, मुलानेच ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभं राहायचं. धाकट्याला मी दर सोमवारी फोन करायचे. तो वैतागायचा, "ताई, काल रविवार होता, सुट्टीत कोण फाइल बघणार?" म्हटलं, म्हणूनच आज जा.

एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के, आणि केंद्राचा वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम पुढे त्याने कॉलेजात भरायची असते. वडिलांच्या जुन्या फोनवर जेव्हा एवढ्या मोठ्या रकमेचा मेसेज वाचून दाखवला तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं, आता दुकानदाराचं देऊन टाकू." तिला समजावून सांगायला मला जड गेलं की हे पैसे आपल्या दारातून जातायत, आपल्याकडे आलेले नाहीत. ते आठवडाभरात कॉलेजला पोचले पाहिजेत. अशा वेळी ज्यांच्या घरात दवाखाना किंवा लग्न निघतं त्यांचं काय होत असेल, हे सांगायला नको. पुढच्या सत्राला कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवतं आणि पोरगं वर्गात चोर ठरतं.

मग आपले पैसे कोणते? निर्वाह भत्ता. इंजिनिअरिंगसारख्या पहिल्या गटातल्या अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये आणि बाहेर राहणाऱ्याला ७,०००. धाकटा कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, चौघांच्या खोलीत राहत होता, म्हणजे ७,०००. महिन्याला सहाशेही नाहीत. दोन वेळच्या मेसचे तेव्हा २,८०० होते. कॉटचं भाडं, बसचा पास, झेरॉक्स, अधूनमधून गावी येणं धरून महिन्याला सात-साडेसात हजार लागत. माझा पगार त्याहून फार जास्त नव्हता. तर 'सगळं फुकट'मधलं सगळं इथे संपतं.

इथून पुढचा शोध मेसच्या पैशांचा.

समाजकल्याणचं शासकीय वसतिगृह ही पहिली पायरी. तिथे राहणं-जेवण दोन्ही फुकट, पण पुण्यात अर्ज किती आणि जागा किती, गुणवत्ता यादीत नाव आलं नाही. यादीत नाव न आलेल्यांसाठीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. म्हणून वसतिगृहाचा अर्ज भरला नसेल तर स्वाधारही नाही. कितीतरी मुलं 'कुठं नंबर लागणारे' म्हणून वसतिगृहाचा फॉर्मच भरत नाहीत आणि तिथेच वर्षाचे ६०,००० रुपये सोडतात. हा आकडा मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा मोठ्या शहरांचा: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. इंजिनिअरिंग-मेडिकलवाल्यांना साहित्यासाठी वर ५,०००. मात्र शिष्यवृत्तीतला जो निर्वाह भत्ता मिळतो तो यातून वजा होतो, त्यामुळे दोन्ही आकड्यांची बेरीज करून हिशोब मांडू नका.

कागद भरपूर लागतात आणि त्यातला भाडेकरार सगळ्यात चिवट. खोलीची मालकीण चांगली बाई होती, पोरांना सणाला पुरणपोळी द्यायची, पण करारनामा म्हटलं की आवाज बदलायचा. "कागदबिगद नको बाळांनो, उद्या घरपट्टीवाले यायचे." धाकट्याने फोन माझ्याकडे दिला. मी त्यांना काकू म्हटलं आणि सरळ सांगितलं, "काकू, या कागदावर पोरांना सरकारकडून भाड्याचे पैसे मिळणार आहेत. कागद नसला तर भाडं थकेल, त्यात तुमचंच नुकसान." मग दोन दिवसांनी त्या नोटरीकडे यायला तयार झाल्या. वर "मेसच्या पावत्यापण जपून ठेवा रे" असा सल्लाही त्यांनीच पोरांना दिला.

त्या वर्षी अर्ज कागदावर द्यायचा होता, आता ऑनलाइन भरावा लागतो. विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात धाकट्याने फाइल दिली आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस हे मी त्याला निघतानाच बजावलं होतं.

आता खरी गोम. या योजनेला ७५ टक्के हजेरीचा कॉलेजचा दाखला लागतो. सत्र सरल्याशिवाय हजेरीचा दाखला मिळणार कुठून? त्यानंतर छाननी, मग निधी. म्हणजे आधी जेवायचं, मग त्याचे पैसे. नोकरदाराला प्रवासभत्ता मिळतो तसं हे आहे, फक्त नोकरदाराकडे तिकिटाचे पैसे आधी असतात. ही योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिच्यामुळेच आमचा धाकटा आज तिसऱ्या वर्षाला आहे. पण ऑगस्टमध्ये मेसवाल्याला देणारं कुणीतरी दुसरं लागतं, हे प्रवेशाच्या वेळी घरात बसून ठरवायला हवं, आणि तेच कुणी ठरवत नाही. सगळे फीच्या चिंतेत असतात.

आमच्याकडे एक फोटो आहे, तरुण बाबासाहेबांचा, कोलंबियातला. वडील धाकट्याला तो दाखवून म्हणायचे, त्यांनापण शिष्यवृत्तीच होती. खरंय. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पाउंड दिले. आधी मला त्यात साडेअकराचं अप्रूप वाटायचं. आता दरमहाचं वाटतं.

बँकेत गेले होते. शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, मार्जिन म्हणजे आपल्या खिशातला वाटा लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून हवेत. हप्ता कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. पालकांचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर त्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, मात्र संस्थेला नॅकचं किंवा कोर्सला एनबीएचं मानांकन असावं लागतं. हे सगळं मला बँकेतल्या एका तरुण अधिकाऱ्याने नीट कागदावर लिहून दिलं. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून. ज्यांना शिष्यवृत्ती नाही त्यांनी सावकाराकडे किंवा सोन्यावर कर्ज काढण्याआधी इथे जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आमचं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. फी शिष्यवृत्तीतून जाणार म्हटल्यावर बँकेला कर्ज द्यायचं उरलं फक्त खोली-मेससाठी, आणि तो खर्च कॉलेजने लिहून द्यायला हवा. कॉलेजचं म्हणणं, आमच्या हॉस्टेलचा लिहून देऊ, बाहेरच्या खोलीचा कसा देणार? दोघांचंही बरोबर होतं. मी फाइल परत आणली.

शेवटी धावून आला आईचा बचत गट. आमच्या गल्लीतल्या बाया महिन्याला दोनशे टाकतात आणि आपसात दोन टक्के महिन्याने कर्ज देतात. आईने ३०,००० मागितले. बैठक आमच्याच ओट्यावर होती. एक काकू म्हणाली, "पोरगं पुण्याला गेलं की तिकडचंच होतंय, मग गटाचे पैसे कोण देणार?" आई काही बोलली नाही. अध्यक्षीणबाईंनी वही पुढे ओढली, आईच्या नावापुढे रक्कम लिहिली आणि त्या काकूला म्हणाल्या, "तुझ्या म्हशीला दिले तवा म्हैस कुठं जाईल असं कुणी इचारलं व्हतं का?" सगळ्या हसल्या, अंगठे-सह्या झाल्या. महिन्याला सहाशे रुपये व्याज, पण ते व्याज गटातच राहतं आणि दिवाळीला वाटून येतं. स्वाधारचे पैसे आले तेव्हा सगळ्यात आधी ते कर्ज फेडलं, आणि आता दर वर्षी जुलैत तोच फेरा: गटाचं घ्यायचं, योजनेचं आलं की फेडायचं.

ते पैसे येतानाही एक गोंधळ झाला. पोर्टलवर रक्कम जमा झाल्याचं दिसतंय आणि पासबुकात एक रुपया नाही. धाकटा बँकेत गेला तर उत्तर आलं, "आधार लिंक आहे की." लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशांसाठी, एनपीसीआय या बँकांच्या देवघेवीच्या संस्थेकडे खातं जोडलेलं (सीड झालेलं) असणं वेगळं. सरकारी पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारला शेवटचं जे खातं सीड झालं असेल तिथे जातात. त्याने पुण्यात गेल्यावर फोनवर पैसे पाठवायला एक नवं खातं उघडलं होतं, ते उघडतानाच सीडिंग तिकडे सरकलं होतं. पैसे तिथे सुखरूप होते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघायची सोय आहे, मिनिटभराचं काम. अर्ज भरायच्या दिवशीच बघून ठेवा आणि मधेच कुणी स्टॉल लावून झिरो बॅलन्स खातं उघडून देत असेल तर तिथे अंगठा देऊ नका.

बाकीचे मार्ग थोडक्यात. कमवा आणि शिका योजनेत धाकट्याने लायब्ररीत काम केलं, त्यात बसचा पास आणि चहा-वडापाव निघाला. कामापेक्षा ग्रंथपालांशी झालेली ओळख त्याला जास्त कामाला आली, कारण पुस्तकं सुट्टीतही घरी न्यायला मिळायला लागली. खोलीतला एक मुलगा विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहात गेला. १९५५ पासून गावाकडच्या गरीब मुलांची पुण्यात सोय करणारी ही संस्था, तिथे जात विचारत नाहीत, परिस्थिती विचारतात आणि मुलाखत घेतात. खुल्या प्रवर्गातल्या ज्या मुलांच्या घरी आमच्याइतकीच ओढाताण असते त्यांच्यासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न मर्यादा आठ लाख. नोंदणीकृत मजूर किंवा अल्पभूधारकांच्या मुलांना राहण्यासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता. फोनवर 'प्रोसेसिंग फी भरा, पन्नास हजारांची स्कॉलरशिप मिळवा' असे मेसेज येतात ते सगळे खोटे. एवढ्या योजनांत आम्ही अर्ज केले, एकाही सरकारी शिष्यवृत्तीने गुगल पे वर पैसे मागितले नाहीत.

सध्या चुलत भावाची मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिची वैधतेची फाइल गेल्या महिन्यात टाकली. या वेळी उर्दू रजिस्टर शोधायला लागलं नाही, रक्तातल्या नात्यातलं म्हणून धाकट्याचं वैधता प्रमाणपत्र जोडलं. तिला बी.एस्सी. नर्सिंग करायचंय, पुण्याला की संभाजीनगरला ते ठरत नाहीये. पुण्याला स्वाधारचे ६० हजार, संभाजीनगरला ५१, पण तिकडे कॉट स्वस्त पडतो म्हणतात. भावाला म्हटलं, एकदा जाऊन दोन-चार मेसचे दर विचारून ये, मग कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरू.